रेघेतली वाट

१२ मार्च १९५९

सिप्रियानो,

कोणी गेलेलं नाही. पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी पाणी पी, मग पुढे वाच.

तुझा पत्ता सांता फेच्या सरकारी कचेरीतून मिळवला, जिथून आपल्या जमातींच्या माणसांना शहरात कामाला धाडतात आणि तुला ओकलंडचं एकेरी तिकीट मिळालं होतं. तिथला कारकून फारच खुशीत होता. म्हणाला, "तुमचा भाऊ आमच्या यशस्वी लोकांमध्ये मोडतो." मी विचारलं, यशस्वी म्हणजे काय. म्हणाला, "परत आला नाही."

तेव्हा यशस्वी माणसा, घरची खबर ऐक. पाटाची सफाई झाली. प्रत्येक घराच्या पुरुषाने फावडं घेऊन यायचं हे तू विसरला नसशील. तुझ्या वाटणीचा पाट यंदाही तुझ्या भाओजींनी उपसला. तेलेस्फोर स्वतःच्या वाटणीचा उपसताना गाणं म्हणत होता, तुझ्या वाटणीचा उपसताना गप्प होता, आणि त्यानंतर तो आडवा झाला तो मुखियाने बैठकीला बोलावलं तेव्हा उठला. नवरा म्हणून त्याच्यात खोड काढण्यासारखं फारसं काही नाही, आणि हीच त्याच्यातली मोठी खोड आहे. भांडायला काही हातीच लागत नाही.

तुझं घर शाबूत आहे. उत्तरेच्या भिंतीचं लिंपण पडलं होतं, ते मी केलं. आत कोणी राहत नाही. एक मांजर राहते, पण ती आपल्या नात्यातली नाही.

भांड्यांचं ठीक चाललंय. जरा जास्तच ठीक. घडवणं, दगडाने घोटून चकाकी आणणं माझं आहेच. नक्षीचं चाललंय कसंतरी. दुकानवाली मिसेस प्रॉक्टर तुझी चौकशी करते. मी सांगते, बरा आहे. लोकांना तेवढं पुरतं.

त्या बाजारात जे झालं त्याबद्दल मी लिहिणार नाही. मी हसले होते, एवढंच. बहीण हसली म्हणून कोणी समुद्रापर्यंत जातं का?

लांबलचक उत्तर नको. कार्ड टाक.

तुझी ताई,
देसिदेरिया

२१ जून १९५९

सिप्रियानो,

कार्ड आलं. समोर पुलाचं चित्र, मागे तुझ्या चार ओळी. त्या चार ओळींनी माझा अख्खा आठवडा खाल्ला.

तू लिहितोस, बंदराजवळच्या एका दुकानाच्या काचेत आपलं काळं भांडं दिसलं. आत जाऊन हातात घेतलंस, उलटं केलंस. "बुडाला तुझं नाव होतं आणि माझं. पण रंगवलेला साप माझा नव्हता. वरची रेघ कोणी बंद केली?"

जगात एवढी दुकानं, आणि तुला नेमकं तेच बरं सापडलं.

ठीक आहे. लिहिणार नव्हते ते लिहिते. सांता फेच्या बाजारात, ओसरीत घोंगडी पसरून बसलो होतो तेव्हा तू म्हणालास, "ताई, यापुढे खाली माझंही नाव घाल." तू काही चंद्र मागितला नव्हतास. समोर गिऱ्हाईक उभं होतं, एक उंच बाई आणि तिचा नवरा, आणि मला काय झालं कोण जाणे, मी त्यांच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "भांडं माझं. हा फक्त रेघा ओढतो." ती बाईही हसली. तिला काही कळलं नव्हतं, पण गिऱ्हाइकाला हसायला कारण लागत नाही. तू मान खाली घालून कुंचल्याचं टोक चावत बसलास, कुंचला करायला युक्काचं पान चावून मऊ करतात तसं. फक्त तेव्हा रंगवायला समोर काही नव्हतं.

पुढच्या वसंतात तू गेलास. त्यानंतर मिसेस प्रॉक्टरने विचारलं, "हा सर्प कोण काढतं?" मी म्हणाले, माझा भाऊ. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "बहीण आणि भाऊ. किती सुंदर. दोघांची नावं का नाही घालत तुम्ही?" मग मी घातली. तू इथे बसून रंगवत होतास तेव्हा तुझं नाव नव्हतं. तू निघून गेल्यावर आलं. मेलेल्या माणसाचं कौतुक करतात तसं झालं हे, माहीत आहे मला.

रंगवतो तेलेस्फोर. हसू नकोस. तरुणपणी त्याने शाळेच्या पाट्या रंगवल्या होत्या, हात स्थिर आहे. तुझ्या शिंगवाल्या सापाकडे बघितलं की नदीला पूर येणार असं वाटायचं. त्याच्या सापाकडे बघितलं की हा कुठल्यातरी कचेरीत वेळेवर जाणारा साप असावा असं वाटतं. पण नीटनेटका आहे. लोकांना नीटनेटकं आवडतं.

आता रेघ. मी त्याला सांगितलं होतं, काठाखालची रेघ पुरी फिरवू नकोस, बोटभर वाट ठेव. त्याने विचारलं का. मी म्हणाले, आई ठेवायची. आईचं म्हणणं होतं की भांड्यात ज्याचा जीव ओतलेला असतो तो त्या वाटेने आतबाहेर करतो, रेघ बंद झाली की तो आत कोंडला जातो. तेलेस्फोर म्हणाला, "आणि फट राहिली की लोक म्हणतात रंगवणारा दारू पिऊन बसला होता." हे खोटं नव्हतं. एकाने तसं म्हणून भांडं परत ठेवलं होतं. मग पुढच्या वेळी त्याने रेघ बंद केली, ते भांडं लगेच गेलं, आणि मी काही बोलले नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही.

हे बघ, मी रविवारी चर्चला जाते. सणाला नाचतेही. दोन्हीकडे माझं काही बिघडलेलं नाही. रेघेसारख्या गोष्टीवर तू एवढा अडून बसशील असं वाटलं नव्हतं. आई गेली. मातीसुद्धा आता पलीकडच्या टेकडीवरून आणावी लागते, जुनी खाण पाण्याने ढासळली. सगळंच बदलतंय, त्यात एक रेघ.

तरी तुझ्या नावाखाली ती बंद करायला नको होती. एवढं मान्य करते. पुढचं काही मान्य करत नाही.

ताई

५ सप्टेंबर १९५९

सिप्रियानो,

हे पत्र लुसील तुला वाचून दाखवेल. लुसील, माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घे. तू माझ्या भावाबरोबर राहतेस हे मला तुझ्या पत्रातून कळलं, म्हणजे आपली ओळख इस्पितळामार्फत झाली. तुमच्या नवाहो जमातीच्या लोकांबद्दल आमच्या गावात बरंच काही बोललं जातं, ते सगळं मी आजपासून विसरले.

पाकिटावर अनोळखी अक्षर बघूनच मी खाली बसले होते. तेलेस्फोरने वाचलं. ओतकामाच्या कारखान्यातली धूळ छातीत बसली, ताप उतरत नाही, डॉक्टर पुन्हा पुन्हा फोटो काढतात. तेलेस्फोर म्हणाला, "धूळ आहे गं. धुळीने होतं असं. खाणीत काम करणाऱ्या माझ्या काकांना झालं होतं."

"काकांचं नाव कुठल्या भांड्यावर होतं?" मी विचारलं.

त्याने पत्राची घडी करून ते पाकिटात घातलं. तो गप्प झाला की मला भीती वाटते, कारण त्याचा अर्थ तोही तोच विचार करतोय.

सिप्रियानो, मी असं म्हणत नाही की त्या रेघांनी काही झालं. मी शहाणी बाई आहे, नर्सच्या हातून सुई टोचून घेते. पण घोटायला बसले की हात आपोआप थांबतो. आणि तुला माहीत आहे, घोटताना थांबलं की लेप वाळतो, डाग राहतो, सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. या महिन्यात मी जेवढं घोटलं त्याहून जास्त खरवडलं.

शेवटी मी ट्रकमध्ये जाऊन बसले आणि म्हणाले, सांता फेला चल. मिसेस प्रॉक्टरकडे अजून दोन आहेत.

"जाऊन काय करणार?" तेलेस्फोर म्हणाला.

"वाट काढणार."

"भांडी विकली आहेत आपण तिला."

"भांडी विकली. भाऊ नाही विकला."

त्याने ट्रक सुरू केला. नदीचा पूल ओलांडला. विकला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुकानात मिसेस प्रॉक्टर एका टोपीवाल्या माणसाला तुझ्यामाझ्या लोकांच्या शांत स्वभावाबद्दल सांगत होती. मी तिला नमस्कार केला, फळीवरचं पहिलं भांडं खाली घेतलं, मांडीत धरलं आणि घोड्याच्या नालेचा खिळा काढून काठाखालची रेघ खरवडायला लागले. भाजलेली माती आहे, सहज निघत नाही. कर्र कर्र आवाज होतो. मिसेस प्रॉक्टर बोलायची थांबली.

"देसिदेरिया, तुम्ही हे काय करता आहात?"

"एक फट राहून गेली होती," मी म्हणाले.

"फट राहून गेली होती म्हणजे?"

"म्हणजे ठेवायची राहून गेली होती."

तिने तेलेस्फोरकडे बघितलं. त्याने टोपी हातात घेऊन सांगितलं, "दुरुस्ती आहे बाई. हमीतली."

दुसरंही भांडं मी तसंच केलं. खिळा घसरला, खरवड वाकडी गेली, सापाचं एक शिंग ओरबाडलं. टोपीवाल्या माणसाने तोवर आपलीही टोपी काढून छातीशी धरली होती. त्याला वाटलं प्रार्थना चालली आहे. आणि खरं सांगू, मलाही क्षणभर कळेना की नाही कशावरून. मनातल्या मनात मी तुझं नाव घेत होते, आणि मध्येच "मूर्ख" म्हणत होते, ते कोणाला हे मलाही माहीत नव्हतं.

मिसेस प्रॉक्टर रागावेल, हाकलून देईल, अशी माझी तयारी होती. हाकललं असतं तर बरं वाटलं असतं. ती दाराशी आली, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "पुढची भांडी अशीच आणाल का? तुमच्या हाताने, खिळ्याने केलेली?" दुसऱ्या आठवड्यात तेलेस्फोर तिकडून येताना बघून आला. दोन्ही भांड्यांजवळ तिने पुठ्ठ्याचं कार्ड ठेवलं होतं, सुंदर अक्षरात, की ही वाट आत्म्यासाठी कलावतीने स्वतः उघडली आहे. एक तोवर गेलंही होतं.

"तुझ्या पश्चात्तापाला गिऱ्हाईक आहे," तेलेस्फोर म्हणाला. बोलल्यावर त्याला वाईट वाटलं, मग त्याने सगळी लाकडं फोडली, आपलीही आणि शेजारच्यांचीही.

बाकीची भांडी आता कुठे आहेत कोणाला माहीत. कुणाच्या शेकोटीवर, कुणाच्या पियानोवर. ओहायोत आहेत, टेक्सासात आहेत. प्रत्येकाच्या बुडाला तू आणि वर बंद रेघ. रात्री मी त्यांच्या घरांची दारं वाजवत फिरते, स्वप्नात. ते लोक फार सभ्य असतात. आत बोलावतात, कॉफी देतात, भांडं काही दाखवत नाहीत.

तेलेस्फोरने कुंचले धुऊन ठेवले आहेत. त्याला मी सांगितलं नाही, त्याने आपणहून ठेवले.

लुसील, त्याला उठून बसता यायला लागलं की शाळेत फोन करायला सांग. गावात फोन तिथेच आहे. सकाळी मी झाडायला जाते तेव्हा मास्तरीण घेते.

देसिदेरिया

११ ऑक्टोबर १९५९

सिप्रियानो,

फोनवर तू जे बोललास ते मी इथे पुन्हा लिहून काढते. अर्धं खरखरीत गेलं, आणि माझ्या कानांवर माझा भरवसा नाही. चुकलं असेल तिथे सांग.

आधी तू खोकलास. मग म्हणालास, "ताई, ते सांता फेचं लुसीलने वाचलं. मी हसलो तर ऑपरेशनचे टाके दुखले."

मी म्हणाले, "हसण्यासारखं त्यात काही नव्हतं."

"नव्हतंच," तू म्हणालास. मग मला रडू फुटलं. मास्तरीण खोलीतच होती, पाठमोरी, तीच ती पुस्तकं फळीवरून काढत होती आणि पुन्हा लावत होती. आपली भाषा तिला येत नाही, पण रडण्याला भाषा लागत नाही हे तिला येतं.

मग तू विचारलंस, "मी जायच्या आधीच्या वर्षातली भांडी तू कधी नीट बघितलीस?"

"रोज बघत होते. घोटली कोणी?"

"चकाकी बघत होतीस. काठाखालची रेघ बघितलीस?"

मी म्हणाले, रेघ काय बघायची, तू वाट ठेवायचास, नेहमीच ठेवायचास.

"नाही ठेवली," तू म्हणालास. "त्या बाजारातून घरी आलो तेव्हापासून नाही. एकाही भांड्यावर नाही. बुडाला तुझं एकटीचं नाव होतं ना."

"चुकून?"

"ताई, गोल चुकून पुरा होतो का?"

तू बोलत राहिलास, मला वाटतं तुला थांबायची भीती वाटत होती. म्हणालास, आधी बरं वाटायचं. रेघेचं टोक रेघेला टेकलं की आत काहीतरी गार व्हायचं. मग त्या हिवाळ्यात मी खोकायला लागले.

"सर्दी होती मला," मी म्हणाले.

"मला काय माहीत? तू भिंतीपलीकडे खोकत होतीस आणि मी इकडे भांडी मोजत होतो. म्हणून तिकीट घेतलं. तू हसलीस म्हणून नाही गेलो मी. तुला काही झालं तर ते बघायला लागू नये म्हणून गेलो."

आणि मग ते. तू म्हणालास की दोन वर्षं गावाकडून काही येऊ नये असं वाटायचं, कारण आलं तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात येणार. मार्चमध्ये माझं पाकीट आलं तेव्हा तू जिन्यावर बसून राहिलास. पुढच्या रविवारपर्यंत उघडलंही नाहीस. पत्ता माझ्या हातचा होता, तेवढं पुरे होतं.

मी पुढे काय बोलले ते मला आठवत नाही. लाइन कापली गेली की मी फोन ठेवला, तेही नाही. मास्तरणीने माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि ती फळ्याकडे जाऊन काहीच न लिहिता उभी राहिली.

घरी आले. त्या वर्षातलं एक भांडं आपल्याकडे राहिलंय, भाजताना काठाचा टवका उडाला म्हणून विकलं गेलं नाही. त्यात मी लाल मिरच्या ठेवते. मिरच्या टेबलावर ओतल्या, भांडं उजेडात नेलं आणि फिरवलं. पुन्हा फिरवलं. रेघ बंद आहे. इतक्या सफाईने जोडलीस की जोड कुठे आहे तो बोटालाही लागत नाही. तेलेस्फोरच्या रेघेत जोड दिसायचा, बिचारा ओठ दाबून काढायचा तरी दिसायचा. तू मन लावलं होतंस. आणि साप. तुझ्या सापाच्या तोंडातून नेहमी वीज बाहेर पडायची, दुमडलेली, दोन टोकांची. या सापाचं तोंड बंद आहे. वर्षभर तू मुका साप काढत होतास आणि मी प्रत्येकाला उलटं करून खाली माझं नाव कोरत होते. उलटं केलं की नक्षी मांडीत जाते. दिसत नाही.

रागावले मी. खोटं कशाला सांगू. पाव भाजायचा होता, कणीक अशी मळली की तेलेस्फोर बाहेर जाऊन बसला. माझ्या नावावर रेघ बंद करतोस, आणि मी तुझी उत्तरेची भिंत लिंपते. पण राग पाव फुगेपर्यंत टिकला नाही. मला त्या उंच बाईचा चेहरा आठवला. ती कोण, कुठली, मला तिच्या हसण्याशी काय घेणं होतं? तिच्यासाठी मी तुला विकलं, तेही भांड्याबरोबर फुकट.

तू म्हणशील, हिशेब फिटला. नाही फिटला. तू जिला मारायला निघालास ती मी इथे धडधाकट आहे, मिरच्या खाते, भांडते. मी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं, फक्त लक्ष दिलं नव्हतं, आणि इस्पितळात तू आहेस. लक्ष न देण्यात जास्त विष असावं. आईने हे कधी सांगितलं नाही. तिला वाटलं असेल, आमचं आम्हाला कळेल.

ती रेघ मी खरवडली नाही. खिळा घेतला होता हातात. पण ती तुझी रेघ आहे. उघडायची असेल तर तू उघड, मी त्यात हात घालणार नाही.

मिसेस प्रॉक्टरला जाऊन सांगितलं की साप तुझा नव्हता, नवऱ्याचा होता, आणि खरवड ही खरवड होती. ती म्हणाली, कार्डं छापून झाली आहेत. मी म्हणाले, मग कार्डं विका. भांड्यांचे पैसे बंद, म्हणून आता हिवाळाभर तेलेस्फोर रेल्वेच्या रुळांवर कामाला जाईल. त्याने तक्रार केलेली नाही. म्हणाला, तिथे निदान रेघा सरळ असतात.

एक घडा घोटून ठेवलाय. मध्येच थांबले नाही, एका दमात झाला, आरशासारखा. नक्षी नाही. बुडही कोरं आहे. तो भाजायचा नाही असं ठरवलंय. तू बरा होऊन आलास तर रंगव, मग वारा पडलेली सकाळ बघून आपण गोवऱ्या लावू, भांडं काळं करणारी लीद वरून तू टाक, मला आता धूर सोसत नाही. आला नाहीस तर तो तसाच कच्चा राहील. कच्च्या घड्याला थोडं पाणी लागलं तरी पुन्हा माती होते, म्हणून तो मी कपड्यात गुंडाळून तुझ्या घरात ठेवलाय. मांजरीला समज दिली आहे.

लुसीलला सांग, तिची पत्रं येतात, ती फार चांगली लिहिते, ताप किती, काय खाल्लं, सगळं. पण तिच्या अक्षरातलं पाकीट आलं की मला ते फोडता येत नाही. टेबलावर पडून राहतं. तेलेस्फोर कामावरून येतो, हात धुतो, फोडतो, आधी स्वतः वाचतो, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहते.

पुढच्या पाकिटावर पत्ता तू लिही. हात थरथरत असला तरी तूच लिही, वाकडा का होईना. आत काही घातलं नाहीस तरी चालेल.

ताई